नवीन अलाइनर घातल्यावर दात ठणकतात, कडा गालाला रुतते – काय करावं?

वाकडा_सुळा

वर-खाली दोन्हीकडे अलाइनर आहेत, म्हणजे दात सरळ करायचे, काढ-घाल करता येणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. एकूण २२ जोड, दर दहा दिवसांनी बदल. काल सकाळी नाश्ता झाल्यावर तिसरा जोड चढवला. दातांवरची बटणं, म्हणजे ट्रेला पकड देणारे छोटे उंचवटे, याच वेळी चिकटवली आहेत. पहिल्या दोन जोडांत थोडं आवळल्यासारखं व्हायचं, इतकंच. या वेळी पटाशीचे दात आंबल्यासारखे झालेत, पोळीचा घाससुद्धा तोडवत नाही. डाव्या बाजूला शेवटच्या दाढेपाशी कडा गालात रुतते आणि आत जिभेची बाजू खरवडून निघाली आहे. ट्रे काढताना बटणांपाशी इतका अडकतो की नख तुटायची वेळ येते. आज ऑफिसात चारेक तास काढूनच ठेवला होता. परत घालताना आणखी कळ आली.

प्रश्न असे: हे किती दिवस चालणार? गोळी घेतली तर चालते का आणि कोणती? कडा घरी घासली तर ट्रे बिघडेल का? शिवाय परवा एक प्रेझेंटेशन आहे आणि ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते.

ऑर्थोवाला

तुमच्या एका तक्रारीत दोन निराळी दुखणी आहेत, ती आधी वेगळी करा. चावताना वाढणारा, दोन-चार दातांत पसरलेला बोथट दाब हे दात सरकत असल्याचं दुखणं. बोट ठेवून ‘इथेच’ असं दाखवता येतं आणि चुरचुरतं, ते कडेचं. पहिल्याला वेळ द्यायचा असतो, दुसऱ्याला कानस. तिसराही एक प्रकार आहे, तो तुमच्या वर्णनात दिसत नाही: एकच दात, काही न चावताही ठणकतो, झोपेतून उठवतो, चहाचा घोट गिळून झाला तरी कळ मिनिटभर रेंगाळते. तसलं काही सुरू झालं तर ते अलाइनरच्या खात्यावर टाकू नका, त्या दाताची नस तपासून घ्या.

सरकण्याचं दुखणं का होतं ते कळलं की निम्मी घालमेल जाते. दात हाडात चिणलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं. एक ट्रे दाताला साधारण ०.२५ मिलिमीटरपर्यंत सरकवायच्या बेताने केलेला असतो. म्हणजे सरकायचं अंतर आणि अस्तराची जाडी जवळपास सारखीच. ज्या बाजूला दात ढकलला जातो तिकडे अस्तर दबतं, तिथलं रक्त कमी होतं आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सुटतात. हाड कोरणाऱ्या पेशींना तीच कामाला लावतात आणि ठणकाही तीच आणतात.

चढवल्यावर काही तासांत सुरुवात, २४ ते ४८ तासांत कळस, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतार असा साधारण क्रम असतो. ट्रेचं प्लास्टिक ताणलेल्या अवस्थेत हळूहळू ढिलं पडतं, त्यामुळे त्याचा जोरही पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतो. या वेळी जास्त दुखतंय कारण बटणं. ती नसताना ट्रे दातावर टोपीसारखा बसलेला असतो, बटण आलं की त्याला खरी पकड मिळते. तिसरा ट्रे चुकीचा बनला आहे असा त्याचा अर्थ नाही.

आता ते चार तास. दुखतंय म्हणून काढून ठेवणं हा या उपचारातला सगळ्यात महागडा आराम. ट्रे निघाला की दबलेलं अस्तर परत फुगतं, दात थोडा मागे येतो. चार तासांनी तोच ट्रे त्याच्यासाठी पुन्हा नवा होतो आणि पहिल्या तासाची कळ दुसऱ्यांदा भोगावी लागते. रोज असं केलं तर दहाही दिवस पहिलाच दिवस चालू राहतो.

पुढच्या वेळी बदल रात्री करा. जेवण, ब्रश, दोऱ्याने फटी साफ करून झाल्या की दहाच्या सुमारास नवा जोड चढवायचा आणि झोपायचं. पहिले सात-आठ तास ट्रे सलग बसतो, मध्ये काढ-घाल नाही, आणि दाबाचा बराचसा भाग झोपेत निघून जातो. सकाळी बदललात तर तासाभरात चहा, मग नाश्ता, मग डबा. प्रत्येक वेळी ताज्या दुखऱ्या दातांवरून ट्रे ओढायचा.

चढवायची रीतही बघून घ्या. आधी समोरचे दात आत घ्या, मग दोन्ही तर्जनींच्या पेरांनी मागे दाढांकडे दाबत जा. दात एकमेकांवर आपटून ‘टक्’ करून बसवू नका. बटणावर तिरका जोर आला की बटण तरी निघतं नाहीतर ट्रेला चीर जाते. बोटांनी बसवल्यावर च्युई घ्या, ती मऊ रबरासारखी नळी क्लिनिकमध्ये मिळते. मागच्या एका दाढेपासून सुरुवात करायची, नळीवर चावून ५ ते १० सेकंद दाबून धरायचं, सोडायचं, एक दात पुढे सरकायचं, असं करत दुसऱ्या टोकापर्यंत. एक फेरी दोन-तीन मिनिटांची. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी ट्रे घातल्यावर एक-दोन फेऱ्या, नंतर सकाळ-संध्याकाळ पाच पाच मिनिटं पुरे. च्युइंगमसारखं रवंथ करायचं नाही. कानापुढचा सांधा दुखायला लागला तर वेळ निम्मा करा.

दुखऱ्या दातांवर मुद्दाम चावायचं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण अर्धवट बसलेला ट्रे पूर्ण बसलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो. त्याचा जोर सगळ्या दातांत वाटला जात नाही, एक-दोन दातांच्या टोकांवरच येतो. च्युईची दोन मिनिटं कळ येते, मग हलकं वाटतं.

चेअरसाइड

कडेबद्दल. घरी घासता येते, पण आधी नेमकी जागा सापडली पाहिजे. सरसकट घासू नका.

ट्रे काढून गार पाण्याने धुवा, कोरडा करा. कापसाचा छोटा बोळा घेऊन कडेवरून हलकेच फिरवा. जिथे प्लास्टिकचा कुसळासारखा कंगोरा राहिला असेल तिथे कापसाचे तंतू अडकून राहतील. बोटाला न लागणारी धारसुद्धा कापसाला सापडते. गालाकडची बाजू झाली की जिभेकडचीही तशीच तपासा, बहुतेक वेळा जीभ खरवडणारा कंगोरा तिथेच निघतो.

मग नखांची कागदी कानस, बारीक दाण्याची आणि नवी. कडा सरळ खाली उतरवायची नाही, बाहेरच्या अंगाने तिरकी, ४५ अंशांच्या आसपास, एकाच दिशेने तीन-चार वेळा ओढायची. पुढे-मागे खसाखसा घासलं की नवा कंगोरा तयार होतो. धुवा, कापूस फिरवा, घालून बघा. अजून लागतंय तर आणखी दोन वेळा ओढा. एकूण उंची अर्धा मिलिमीटरसुद्धा कमी होता कामा नये. बटणांसाठी जिथे ट्रेला फुगवटे आहेत आणि रबर अडकवायला खाचा कापल्या आहेत, तिथे कानस लावायची नाही. पकड तिथेच असते.

नेलकटर आणि कात्री अजिबात नको. त्यांनी कडेला डोळ्याला न दिसणारी चीर पडते आणि दोन दिवसांनी ट्रे काढताना तिथूनच फाटतो.

कडा गुळगुळीत असूनही रुतत असेल तर आरशात बघा. ट्रे घातल्यावर कडेखालची हिरडी पांढरी पडते का? पडत असेल तर कडा त्या जागी लांब आहे, ती क्लिनिकमध्ये कापून पॉलिश करून मिळते. दोन मिनिटांचं काम आहे, त्यासाठी अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट बघू नका.

गाल सोलवटलेला आहे तोवर ऑर्थो वॅक्स, म्हणजे टोचणाऱ्या जागेवर लावायचं मऊ मेण. ज्वारीच्या दाण्याएवढं तोडा, बोटांत मळून मऊ करा, ट्रेची ती बाहेरची जागा टिश्यूने कोरडी करा आणि चपटं दाबून बसवा. ओल्या प्लास्टिकवर ते धरत नाही. ‘वॅक्स टिकतच नाही’ म्हणणाऱ्यांची चूक नव्वद टक्के वेळा हीच. ट्रेच्या आतल्या बाजूला लावायचं नाही, ट्रे वर उचलला जातो. जेवताना ट्रे बाहेर असतो तेव्हा गाल उघड्या बटणांवर घासतो, तेव्हा तोच गोळा बटणावर दाबता येतो. चुकून गिळला गेला तरी काही होत नाही.

काढायचं तंत्र: समोरून ओढू नका. शेवटच्या दाढेच्या जिभेकडच्या बाजूला तर्जनीचं टोक कडेखाली घाला आणि ट्रे दाढेवरून थोडा सुटेपर्यंत ढकला. मग दुसरी बाजू तशीच. दोन्ही दाढा मोकळ्या झाल्या की आतल्या अंगाने पुढे येत या आणि समोरचे दात सगळ्यात शेवटी. एकाच बाजूने केळं सोलल्यासारखा ओढला तर ट्रे पिळवटतो आणि बटण उखडतं. बोट घसरत असेल तर टिश्यू गुंडाळा. नखं जपायची असतील तर प्लास्टिकचा हूक मिळतो, त्याचा बाक आतल्या कडेखाली अडकवून सावकाश खाली किंवा वर, दाताच्या रेषेत ओढायचा. नव्या बटणांची धार चार-पाच दिवसांत थोडी मोडते आणि ट्रेही सैलावतो, तेव्हा हा झगडा आपोआप कमी होतो.

एखादं बटण निघालंच तर ट्रे घालणं थांबवायचं नाही. क्लिनिकला कळवा. पुढच्या ट्रेवर जायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, कारण काही बटणं नुसती पकडीसाठी असतात आणि काहींवर तो दात वळवायची सगळी मदार असते.

गोळी_दोनदा

औषधांपुरतं लिहितो.

पहिली पसंती पॅरासिटामॉल. प्रौढ माणसाने ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ट्रे बदलायच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर ठणका चढायच्या वेळी तिचा अंमल सुरू झालेला असतो. हे फक्त पहिले दोन दिवस. सर्दी-तापाच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ती बेरीज धरायला विसरू नका. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आयबुप्रोफेन ठणक्यावर चांगलं चालतं, पण ते प्रोस्टाग्लँडिनच कमी करतं. वर ऑर्थोवाला यांनी सांगितलंय की दात सरकायला तीच रसायनं लागतात. एखाद-दुसऱ्या गोळीने उपचार बिघडत नाही; आठवडेच्या आठवडे रोज घेणं टाळायचं. शिवाय अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी, ॲस्पिरिनने उसळणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर नकोच. पावसाळ्यात ताप असताना डेंग्यूची शंका फिटेपर्यंतही नको.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सोलवटलेल्या जागेला उपयोगी. एका ग्लासात, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, ट्रे काढून अर्धा मिनिट खुळखुळवायचं, दिवसातून तीन-चारदा. जेवणानंतर ट्रे बाहेर असतोच, तेव्हाच उरकून घ्या म्हणजे वेगळा वेळ जात नाही.

लवंगेचं तेल लावायचा सल्ला घरातून येणारच. नुसतं तेल हिरडीला भाजतं, आणि वरून ट्रे चढवला की ते तिथेच कोंडून राहतं. दुखणं होतं दाताचं, वर हिरडी सोलली जाते. तोंड आल्यावर लावायचं बधिर करणारं जेलही तसंच ट्रेखाली दाबू नका. ट्रे बाहेर असताना फोडावर लावा, दहा मिनिटं ठेवा, चूळ भरा, मग ट्रे. लहान मुलांना कोणतंही जेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

दाबाच्या दुखण्याला गार पाणी चांगलं. ट्रे घातलेला असतानाच गार पाण्याचे घोट घेऊन तोंडात क्षणभर फिरवा. किंवा रुमालात बर्फ गुंडाळून गालावर दहा मिनिटं. बर्फ चावू नका.

ऑर्थोवाला

गरम पाण्याचा राहिलेला मुद्दा. ‘ट्रे गरम पाण्यात बुडवला की सैल होतो आणि दुखत नाही’ हे अर्धं खरं आहे, सैल होतो हे खरं. काही ट्रे ज्या पीईटीजी प्लास्टिकचे असतात ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं आणि ताणलेल्या अवस्थेत त्याच्या बरंच आधीपासून आकार सोडू लागतं. मग दुखत नाही कारण तो काही करतच नाही. ट्रे घालून कढत चहा पिण्यातही हीच गोम. त्यात साखर आणि दूध ट्रेखाली साचतं ते निराळंच. धुवायलाही गार किंवा कोमट पाणी, मऊ ब्रश आणि थेंबभर बिनवासाचा लिक्विड साबण. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडून ट्रे धुरकट होतो.

मऊभात

खाण्याचं एक गणित मांडा, बाकी आपोआप जमतं. दिवसाचे २२ तास ट्रे आत ठेवायचा, म्हणजे बाहेर फक्त १२० मिनिटं. नाश्ता २०, दुपारचं जेवण ३०, रात्रीचं ३०, तीन वेळच्या साफसफाईला मिळून २०, झाले १००. उरले २०. त्यात दोन चहा. ‘जरा अर्धा कप’ म्हणून दिवसातून पाचदा ट्रे काढणाऱ्याचे २२ तास कधीच भरत नाहीत, आणि दुखऱ्या दातांवरून पाचदा जास्त ओढाताण होते. एक चहा नाश्त्याला जोडा, दुसरा चारच्या खाण्याला. मधल्या वेळी फक्त साधं पाणी. लिंबू सरबत, सोलकढी, कोकम ट्रे घालून नको. आंबट पाणी दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये अडकून राहतं, लाळ तिथवर पोहोचत नाही.

पहिले दोन दिवस वरण-भात, मुगाची खिचडी, ताकभात, इडली, मऊ उपमा, पिकलेलं केळं, शिजवून कुस्करलेला बटाटा. भाकरी खायची तर आमटीत किंवा दुधात कुस्करून. पोळीचा घास पटाशीच्या दातांनी तोडू नका, हाताने बारीक तुकडे करून दाढेकडे सरकवा. सफरचंद, पेरू, काकडी फोडी करून. चकली, चिक्की, भाजलेलं कणीस, ऊस आणि कडक बुंदीचा लाडू चौथ्या दिवसापर्यंत डब्यातच राहू द्या. बटणं शाबूत राहायची असतील तर चिक्की आणि ऊस त्यानंतरही नकोच.

हळद-मसाल्याचं जेवण झाल्यावर निदान खळखळून दोन चुळा भरल्याशिवाय ट्रे घालू नका. ट्रेपेक्षा बटणांच्या कडेला पिवळी रेघ लवकर धरते.

दंत्य_तालव्य

परवाच्या प्रेझेंटेशनबद्दल. वरच्या पटाशीच्या मागे, जिथे जिभेचं टोक टेकतं, तिथे आता साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आलं आहे. त्यामुळे ‘स’, ‘श’ आणि मराठीतले दंत्य उच्चार, म्हणजे ‘चाक’मधला च, ‘जाड’मधला ज, ‘झाड’मधला झ, हेच बिघडतात. जिभेला नवं अंतर शिकवायचं, बस. आज आणि उद्या दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचा, नेहमीपेक्षा सावकाश. वाचायला काही नसेल तर एकसष्ट ते एकोणऐंशी आकडे म्हणा: पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट… त्याहून चांगला सराव शोधून सापडायचा नाही. परवा बोलायचे आहेत ते मुद्देही ट्रे घालूनच म्हणून बघा.

पहिले दोन-तीन दिवस लाळ जास्त सुटते, तोंडाला वाटतं खाऊ आलाय. बोलण्याआधी गिळा, शेजारी पाणी ठेवा. ट्रे नीट बसलेला नसेल तर शिट्टी जास्त वाजते, म्हणून बोलायच्या आधी एक फेरी च्युईची.

वाकडा_सुळा

सगळ्यांचे आभार. कापूस डावीकडे दोन ठिकाणी अडकला, एक गालाकडे आणि एक जिभेकडे. घासल्यावर रुतणं थांबलं. आता एकच: च्युई करूनही वर डावीकडे सुळ्याच्या अलीकडच्या छोट्या दातापाशी ट्रे आणि दाताचं टोक यांच्यात फट दिसते, १ मिलिमीटरला किंचित कमी. दाबलं की बंद होते, सोडलं की परत. हे चालेल?

ऑर्थोवाला

दुसऱ्याच दिवशी, आणि दाबून बंद होते, म्हणजे सध्या काळजी नको. तो छोटा दात सगळ्यांत जास्त मागे राहणारा. त्याचा आकार लहान, त्यामुळे प्लास्टिकला धरायला जागाच कमी. त्याच्यासाठी वेगळी च्युई: नळी फक्त त्या दाताखाली, दहा सेकंद दाबून, दहा वेळा, दिवसातून तीनदा. चौथ्या-पाचव्या दिवशी उजेडात, आरशासमोर, ट्रे कोरडा करून फट पुन्हा बघा. फोनवर त्याच कोनातून आज आणि तेव्हा असे दोन फोटो काढून ठेवा, नुसत्या नजरेला फरक कळत नाही.

दहाव्या दिवशीही फट असेल, तर ठरलेला दिवस आला म्हणून चौथा जोड चढवायचा नाही. तिसराच तीन-चार दिवस जास्त घाला आणि क्लिनिकला फोटो पाठवा. मागे पडलेल्या दातावर पुढचा ट्रे लादला की फट प्रत्येक जोडाला वाढत जाते आणि शेवटी नवं स्कॅन करावं लागतं. दुसरा जोड मात्र फेकू नका, डबीत नाव-नंबर घालून ठेवा. तिसरा हरवला किंवा तडकला तर नवा येईपर्यंत दात जागेवर धरायला तोच लागतो.

आणि यांपैकी काही दिसलं तर चार दिवस न थांबता फोन करा: हिरडीला सूज किंवा पू, ताप, एकच दात इतरांपेक्षा स्पष्ट जास्त हलणं, ओठ सुजणं किंवा ट्रे लागतो तिथे सगळीकडे आग होऊन पुरळ येणं. ओठ-जिभेची सूज वाढत जाऊन श्वासाला त्रास झाला तर फोन नाही, ट्रे काढून थेट हॉस्पिटल. गालावरची ती जखम कडा घासल्यावर आठवड्याभरात भरायला हवी. दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल तर दाखवा.